गच्चीवरचा रब्बी हंगाम

तुळशीचे लग्न लागून आठवडा झाला. मांडवासाठी आणलेले ऊस अजून गॅलरीच्या कोपऱ्यात टेकून उभे आहेत. वृंदावनात ठेवलेली बोरे-आवळे सुकून गेले आहेत, आणि आकाशकंदील उतरवायचा की राहू द्यायचा यावर घरात रोज एकदा चर्चा होते. सकाळी दूध आणायला खाली उतरावे तर रस्त्यावर बुचाच्या फुलांचा पांढरा सडा पडलेला असतो. स्वेटर कपाटातून काढावा इतकी थंडी नाही, पण तो कुठे ठेवला आहे हे आठवून ठेवावे, एवढी शिरशिरी हवेत आलेली असते. शरद सरतो आहे. हेमंत दारात उभा आहे.

या दिवसांत माझ्यासारख्या कुंडीबहाद्दराच्या हातांना चैन पडत नाही. बँकेच्या नोकरीत असताना मार्च महिना जसा अंगावर यायचा, तसा निवृत्तीनंतर कार्तिक अंगावर येतो. फरक एवढाच, की मार्चमध्ये जुनी खाती मिटवायची असत आणि कार्तिकात नवी उघडायची असतात.

चार वर्षांपूर्वी मुलीने वाढदिवसाला बागकामाचे एक जाडजूड विलायती पुस्तक भेट दिले. चित्रे पाहत राहावीत असे पुस्तक. त्यातले नोव्हेंबरचे पान उघडले आणि मी चक्रावलो. कंद उकरून घरात आणा, नाजूक झाडांवर पांघरूण घाला, अवजारे पुसून तेल लावून ठेवा, म्हणजे थोडक्यात बागेला निजवा, असा सगळा सल्ला. पुस्तक खोटे नव्हते. जिथे जमीन गोठते तिथे हेच करायला हवे. पण ते आमच्या पुण्याचे नव्हते. हल्ली मोबाइलवरही असे सल्ले येऊन आदळतात आणि नवी मंडळी भाबडेपणाने ते पाळतात. ऐन पेरणीच्या दिवसांत कुंड्या रिकाम्या ठेवून वसंताची वाट बघतात. आणि आपला वसंत उगवतो तो उन्हाळ्याचे बोट धरूनच.

आपल्याकडे वेळापत्रक नेमके उलटे आहे. जून ते सप्टेंबर ऊन नाही, माती चिबड झालेली, मुळे कुजतात, गोगलगायींचे राज्य. एप्रिल-मेमध्ये गच्ची तव्यासारखी तापते. मधले चार महिने तेवढे माणसाचे आणि भाजीपाल्याचे. देशावरचा शेतकरी पावसाची ओल धरून ज्वारी-हरभरा पेरतो, कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल-पावटा टाकतात. हे शहाणपण फार जुने आहे. आपण शहरात येताना ते वेशीबाहेर ठेवून आलो, एवढेच. गच्चीवरच्या बागेचे नवे वर्ष दिवाळीनंतर सुरू होते. आमचाही रब्बी हंगामच म्हणायचा, फक्त दहा बाय पंधरा फुटांचा.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांनी मेथीपासून करावी. बियाणे विकत आणायला नको. फोडणीच्या डब्यातले दाणे चालतात. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याभरात भाजी खुडता येते. घरातल्या लहान मुलाला बागेची गोडी लावायची तर यासारखे झाड नाही, कारण मुलांचा धीर साधारण तीन-चार दिवसच टिकतो. कोथिंबिरीचे तसे नाही. अनेकांची तक्रार असते की धने टाकले, पण काही उगवलेच नाही. धना म्हणजे एक बी नव्हे, ते फळ आहे. त्याच्या पोटात दोन बिया असतात. तो लाटण्याने हलकेच रगडून दोन करावा, रात्रभर भिजवावा, पेरावा आणि आठ-दहा दिवस त्याच्याकडे न बघता राहावे. पालक, मुळा, टोमॅटोची रोपे, हौस म्हणून चार मटार, सगळ्यांना ही हवा मानवते.

दसरा-दिवाळीचे झेंडूचे तोरण निर्माल्यात टाकू नका. वाळलेले फूल चुरगाळले की काळ्या टोकाच्या सुयांसारख्या बिया हाती येतात. त्यांतल्या बऱ्याच उगवतात. आणि झेंडूची मुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आवरतात, म्हणून टोमॅटोच्या शेजारी तो शोभेलाही असतो आणि राखणीलाही.

पाण्याबद्दल एकच सांगतो. या दिवसांत झाडे तहानेने मरत नाहीत, मायेने मरतात. पाऊस थांबला की आपल्याला उगाच भीती वाटते आणि आपण सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत सुटतो. बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावे. ओल लागली तर झारी परत ठेवावी. ढगाळ हवा आली की पावट्यावर मावा पडतो. तो दिसताच फवारणीचा पंप काढण्याआधी दोन दिवस थांबून पाहावे. पुष्कळदा मागोमाग लाल पाठीवर काळे ठिपके असलेले चित्तूर भुंगेरे येतात आणि आपले काम तेच करून टाकतात.

आता शेवंतीची गोष्ट सांगतो, कारण या लेखाचा शेवट तिच्यापाशी आहे. माझ्या आईची पिवळी शेवंती. वाडा पाडला तेव्हा तुळशी वृंदावन आणता आले नाही. तिने एका डब्यात शेवंतीचे चार मुनवे तेवढे आणले. तीस-बत्तीस वर्षे ती दर कार्तिकात फुलत आली. आई गेल्यावरही फुलली. दोन वर्षांपूर्वी मात्र फुलली नाही. पाने हिरवीगार, बुंधा दणकट, कळीचा पत्ता नाही. गेल्या वर्षीही तेच. मी खत बदलले, माती बदलली, कुंडी बदलली.

कारण खतात नव्हतेच. ते रात्रीत होते. शेवंती हे लांब रात्रीचे झाड. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. रात्र वाढत चालली, हे पानांना कळते आणि मग झाड कळ्या धरते. झाडांना दिवस-रात्रीचा हा हिशेब कळतो, हे गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडांवर प्रयोग करून 1920 साली मांडले. पण अट अशी की रात्र सलग काळोखी हवी. मध्येच उजेड पडला की झाडाच्या लेखी ती रात्र मोडते. फुलांची शेती करणारे याचा फायदा घेतात. दिवे लावून बहर लांबवतात, काळे कापड पांघरून लवकर आणतात. आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी सुरक्षेसाठी फाटकापाशी आणि जिन्यात पांढरेशुभ्र एलईडी दिवे लावले. त्यातल्या एकाचा झोत रात्रभर माझ्या गॅलरीत येत होता. बिचाऱ्या शेवंतीसाठी दोन वर्षे रात्र अशी झालीच नव्हती.

हे मला उशिरा कळले, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत माझ्या डोक्यावर दुसरेच संकट होते.

दिवाळीनंतरची सोसायटीची सभा. विषयपत्रिकेत चौथा विषय होता, ‘गच्चीवरील कुंड्या हटविण्याबाबत’. सगळ्या मिळून साठ-पासष्ट कुंड्या, चार ड्रम आणि विटांचा एक वाफा, एवढा माझा संसार. छतातून पाणी झिरपते, प्लॅस्टर सुटते, सबब पंधरा दिवसांत गच्ची मोकळी करावी, असा ठराव सेक्रेटरींनी वाचला. मी तयारीनिशी गेलो होतो. वाढते तापमान, सिमेंटचे जंगल, पक्षी, फुलपाखरे, पुढच्या पिढ्या. भाषण मला स्वतःला बरेच आवडत होते. मी थांबलो तेव्हा समोरच्या घरातल्या काकू उठल्या. वय ऐंशीच्या घरात, एकट्याच राहतात. सभेत त्या सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, फुलं मलाही आवडतात हो. पण गेले दोन पावसाळे मी पलंग खोलीच्या मध्यात ओढून झोपते आहे.”

मी खाली बसलो.

आमची दोन्ही घरे वरच्या मजल्यावर, समोरासमोर. माझ्या छतावर दुपारपर्यंत टाकीची सावली असते. ऊन चांगले पडते ते काकूंच्या छतावर. म्हणून माझी बाग त्यांच्या छतावर होती. बारा वर्षांत ही गोष्ट मला अन्याय म्हणून कधी सुचलीच नव्हती. मी दर दिवाळीला त्यांना टोमॅटो आणि गुलाब नेऊन देत होतो आणि स्वतःला चांगला शेजारी समजत होतो.

ठराव महिनाभर पुढे ढकलला गेला आणि त्या महिन्यात गच्चीचे काम जाणणारा एक कारागीर बोलावला. त्याने पावसाच्या पाइपांची तोंडे बोळे घालून बंद केली, गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस ठेवले आणि मग खाली-वर फिरून मला एकेक गोष्ट दाखवली. एका पाइपाच्या जाळीवर माझ्याच झाडांच्या कुजलेल्या पानांचा जाड थर बसला होता, म्हणजे दर पावसाळ्यात तिथे तळे साचत होते. विटांचा वाफा थेट फरशीवर बांधलेला, त्यामुळे त्याखालची फरशी बारा महिने ओली. आणि कठडा व गच्ची जिथे मिळतात त्या सांध्यात हातभर उंचीचा पिंपळ. तो मला दिसत नव्हता असे नाही. कावळ्या-साळुंक्यांच्या विष्ठेतून बी येते आणि भेगेत रुजते. पण पिंपळाला हात लावू नये, हे आईचे बोलणे मनात होते, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले. श्रद्धा माझी होती आणि भेग काकूंच्या छताला पडत होती.

घरी येऊन सौ.ला सगळे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “अहो, तुमचं हिरवं आहे ते दुसऱ्याच्या ओलीवर.”

त्यानंतर जे केले ते सविस्तर सांगतो, कारण गावोगावच्या सोसायट्यांत हाच वाद चालू आहे आणि तो बहुधा दोन टोकांना जाऊन बसतो. एक म्हणतो, झाडे हवीतच. दुसरा म्हणतो, गच्ची साफ करा. दोघांनाही वजन आणि पाणी या दोन गोष्टींचा हिशेब मांडायचा नसतो.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक फूट खोल एवढी ओली माती सुमारे अर्धा टन भरते. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडच्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलो एवढाच वापराचा भार धरलेला आहे. माझा वाफा किती पटींनी अपराधी होता हे कोणालाही कळेल. तो मी मोडला. साठ-पासष्ट कुंड्यांच्या चाळीस केल्या. त्या कठड्याच्या कडेने, तुळया आहेत त्या रेषेवर, लोखंडी घोडीवर ठेवल्या, म्हणजे खालची फरशी दिसते, वाळते आणि झाडता येते. अर्ध्या कुंड्या माझ्या स्वतःच्या छतावर आणल्या. तिथे सावली आहे, तर तिथे पालक, पुदिना, अळू. पिंपळ मुळासकट सोडवून टेकडीवर नेऊन लावला. आईही याला नाही म्हणाली नसती. सांधा नव्याने भरून घेतला आणि त्या खर्चाचा निम्मा वाटा मी उचलला. उरलेला सोसायटीने दिला, कारण पाइपाच्या जाळ्या पावसाळ्यापूर्वी साफ करणे हे तिचेही काम होते.

मुख्य बदल मात्र मातीत केला. कुंडीत माती कमी आणि कुजलेला पालापाचोळा जास्त घातला, तर वजन निम्म्यावर येते आणि पाणीही कमी लागते. हा शोध माझा नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी काडीकचऱ्यातून माती घडवण्याचे शास्त्र महाराष्ट्राला शिकवले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर उसाच्या चिपाडांवर पिशव्यांतून आणि पिंपांतून भाज्या-फळे काढून दाखवली. तुळशीच्या लग्नाचे ऊस कोपऱ्यात का उभे आहेत, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल.

पाला शोधायला लांब जावे लागले नाही. तो आमच्याच आवारात रोज सकाळी जळत होता. झाडलोट करणारा दादा ढीग करी, काडी लावी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाला न्यायची सोय आपण त्याला देत नाही आणि आवार मात्र स्वच्छ मागतो. थंडीच्या सकाळी हवा जड आणि स्थिर असते, धूर वर चढत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी घुटमळत राहतो. दम्याच्या माणसाला विचारा, हेमंत ऋतू कसा असतो. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई सांगितली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांतही बागेचा कचरा जाळू नये, आपल्याच आवारात वेगळा ठेवावा, असे लिहिले गेले. कायदा झाला. पण कायद्याने ढीग हलत नाही. त्यासाठी पिंजरा लागतो.

पिंजरा म्हणजे तारेची जाळी गोल वाकवून केलेला कमरेएवढा पिंप. त्यात पाला टाकायचा, दाबायचा, मधूनमधून स्वयंपाकघरातली देठे-साली, थोडे शेण किंवा आंबट ताक शिंपडायचे. ओल किती हवी, तर मूठभर पाला पिळला की हात ओला व्हावा, धार लागू नये. आठ-पंधरा दिवसांनी खालवर करायचे. वर्षावृक्षाची, गुलमोहराची बारीक पाने लवकर कुजतात; आंबा, फणस, बदाम यांची जाड पाने आधी चुरडून घ्यावीत. कार्तिकात भरलेला पिंजरा होळीच्या सुमारास एक तृतीयांश होऊन बसतो. काळाभोर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाचा वास असलेला. आमच्या इमारतीमागे आज असे तीन पिंजरे आहेत. झाडलोट करणाऱ्या दादाला त्याचे महिन्याला वेगळे पैसे मिळतात आणि पिंजऱ्याशेजारी त्याने स्वतःचे दोन भोपळ्याचे वेल चढवले आहेत. ते माझ्या वेलांपेक्षा चांगले आहेत.

आता कोणी विचारेल, एवढा खटाटोप करून मिळते काय? खरे सांगायचे तर पैशाच्या हिशेबात काही नाही. माझी मेथीची जुडी मंडईतल्या जुडीपेक्षा महागच पडते. माझा वेळ धरला तर ती केशराच्या भावात जाईल. घरची भाजी खाऊन शहराचे पोट भरेल, असेही मी म्हणणार नाही. ते काम शेतकऱ्याचेच आहे. उलट चार महिने राबून सोळा टोमॅटो हाती आले आणि त्यातले पाच पोपटांनी फोडले, की मंडईत भाव करताना जीभ आपोआप अडखळते. हा फायदा मी मोठा समजतो. दुसरा फायदा गेल्या वर्षी कळला. बाग करणारा माणूस स्वतःला पुण्यवान समजू लागतो, आणि त्या भरात खाली कोणाच्या पलंगावर पाणी गळते आहे हे त्याला दिसत नाही. झाड लावणे चांगले खरे. पण ते कोणाच्या छतावर लावले आहे, हेही विचारायला हवे. सोसायट्यांनाही माझे एवढेच सांगणे आहे, की बंदी घालणे सोपे असते आणि नियम करणे कष्टाचे. पण कष्टाचेच करा. वजन ठरवा, जागा ठरवा, जाळ्यांची पाळी लावा, मे महिन्यात एकदा सगळ्यांनी मिळून गच्ची पाहा. आमच्या सोसायटीने एक वर्षाची मुदत दिली होती. यंदाच्या पावसात छत कोरडे राहिले आणि या सभेत तो विषय पत्रिकेवर आलाच नाही.

राहिली शेवंती. दिव्याचे रहस्य उलगडल्यावर तिला अंधाराची जागा शोधू लागलो. माझ्या घरात तशी जागाच नव्हती. काकूंच्या घराची मागची गॅलरी मात्र ओढ्याच्या बाजूला उघडते. तिथे सकाळचे ऊन येते आणि रात्री मिट्ट काळोख असतो. गणपतीनंतर संकोचतच विचारले. त्या म्हणाल्या, “ठेवा की. पण पाणी मी घालीन, तुम्ही फार घालता.”

परवा, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी त्यांनी दार वाजवले. हातात ताट होते आणि ताटात मूठभर पिवळी शेवंती. “तुमच्या आईची आहे ना, मग पहिली फुलं तुमच्या तुळशीला,” एवढेच म्हणाल्या. पलंग आता पुन्हा खिडकीशी, भिंतीला लागून आहे, हे दार लोटताना दिसले.

आज रविवार आहे. डब्यातली मूठभर मेथी रात्री भिजत घाला. आणि कुंडी ठेवण्यापूर्वी, ती जिथे ठेवणार त्याच्या खाली कोण राहते, हे एकदा जाऊन पाहून या.